पडल्या जागेची खबर

मेधा खिडकीच्या तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावत होती, तेवढ्यात वाईहून शैलेंद्रच्या आईचा फोन आला.

"व्हिडिओ नको," मेधा पुटपुटली. शैलेंद्रने नुसता आवाज चालू ठेवला.

"काय रे शैलू, टीव्हीवर बहरीन दाखवतायत. तुमच्याकडे काही नाही ना?"

"छे गं! ते सगळं लांब, समुद्राकडे. आमच्या सनाबिस भागात काही नाही. मॉल चालू, ऑफिस चालू. आणि व्हिडिओ राहू दे हं, नेट गचके खातंय."

"मला तरी कुठे तो कॅमेरा धरता येतो?" आई लगेच म्हणाली.

खरं तर सकाळीच पाडलेल्या एका ड्रोनचे तुकडे मागच्या गल्लीतल्या पार्किंगवर कोसळले होते. काच त्यानेच तडकली होती. पण आईच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसवले होते, आणि हिला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे विमानं बंद झाल्यापासून शैलेंद्र रोज संध्याकाळी तोंडभरून खोटं बोलत होता. एकुलता एक मुलगा. दुसरं करणार तरी काय?

"अप्पा कुठायत?"

"आत. घसा पार बसलाय त्यांचा. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. मेसेज करतील. गौरव देतो औषधं आणून."

गौरव म्हणजे शेजारीच राहणारा चुलतभाऊ. तो आहे म्हटल्यावर शैलेंद्रला जरा धीर आला.

अप्पा, म्हणजे शैलेंद्रचे वडील, वाईच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धातले जर्मनांचे उडते बॉम्ब हा त्यांचा जीव की प्राण. वर्गात तर सांगतच, पण घरी जेवायला आलेला पाहुणाही त्यातून सुटत नसे. फळ्यावर मांडावं तसं ताटाच्या कडेला बोटाने गणित मांडत. "पुरे तुमचं जर्मन पुराण, आमटी गार झाली," असं आई दर वेळी म्हणायची. लग्नापासून तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं की पाहुण्यांचीच तिला दया यायची.

आता तेच पुराण शैलेंद्रच्या कामी येत होतं. आईपासून लपवलेलं सगळं तो अप्पांना मेसेजवर कळवायचा. मन कुठेतरी मोकळं करायला हवंच होतं.

फोन ठेवला आणि सायरन वाजला. दोघं बाथरूममध्ये जाऊन बसली, कारण तिथे खिडकी नव्हती. वरून मोटारसायकलसारखी घरघर येऊ लागली. मेधाने त्याचा दंड घट्ट धरला.

'अप्पा, आवाज येतोय,' त्याने लिहिलं. 'आईला सांगू नका.'

उत्तर आलं. 'त्या जर्मन बॉम्बला माणूस नसे. तोंडाशी झडपा, त्या भराभर उघडत मिटत, आत इंधन भडके, म्हणून ती घरघर. नाकावर छोटा पंखा. किती फेऱ्या झाल्या की खाली जायचं ते आधीच ठरवलेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करावा तसं. मग बॉम्ब सूर मारे आणि इंजिन गप्प होई. लंडनची माणसं म्हणत, आवाज येतोय तोवर आपण आहोत. तू बोलत राहा. जेवलास का?'

"हे जुन्या बॉम्बचं. आजच्यांना लागू पडतं का?" मेधाने विचारलं.

"देव जाणे. पण बरं वाटलं वाचून."

घरघर पुढे निघून गेली. बऱ्याच वेळाने लांब कुठेतरी दणका झाला. मेधा रडायला लागली. शैलेंद्रलाही रडू येत होतं. भीतीचं, आणि आपल्या डोक्यावरून गेलं याच्या सुटकेचंही. त्या सुटकेची त्याला लाज वाटली.

'आईला रोज खोटं सांगताना जीभ अडखळते,' त्याने लिहिलं.

'इंग्रजांनी काय केलं आठव. बॉम्ब डागणाऱ्याला तो कुठे पडला ते दिसत नसे. तो हेरांच्या खबरीवर विसंबून. ते हेर इंग्रजांनी फितवले. ते खऱ्याच बॉम्बची खबर देत, फक्त लांब पडलेल्याची जागा आणि अलीकडे पडलेल्याची वेळ. जर्मनांना वाटे आपला नेम लांब जातोय, म्हणून ते नेम अलीकडे आणत आणि बॉम्ब लंडनच्या आधीच पडत. धादांत खोटं पचत नाही. खऱ्यात चिमूटभरच घालावं, कणकेत मीठ घालतात तसं.'

दुसऱ्या दिवसापासून शैलेंद्र तसंच करू लागला. "सायरन वाजला गं, पण सराव होता." आई "बरं बाई" म्हणायची, आणि आपण जिंकलो असं त्याला वाटायचं.

मग एकदा आईचाच आवाज फार थकलेला वाटला. त्याने अप्पांना लिहिलं, 'मी येतो. मुनाफ टॅक्सीवाला समुद्रावरच्या पुलावरून सौदीत सोडतो म्हणतोय. तिथून विमान मिळेल.'

उत्तर क्षणात आलं. 'अजिबात नाही. पुलावर कधी काय पडेल सांगता येत नाही. इथे सगळं ठीक आहे, माझा घसा तेवढा सोडून. तुला आईची शपथ. जेवलास का?'

"अप्पांनी जन्मात मला जेवलास का विचारलं नव्हतं," शैलेंद्र मेधाला म्हणाला. "म्हातारपणी माणूस मऊ होतो."

अखेर हल्ले थांबले. विमानतळ उघडला. शैलेंद्रने पहिल्याच दिवशी तिकिटं काढली आणि फोन लावला.

"आई, उद्या निघतोय! दोघंही!"

"विमानानंच ना? पुलावरून नाही?"

"विमानानंच. इथूनच. तिकिटं हातात आहेत."

"आणि तिथलं सगळं खरंच थांबलंय?"

"खलास. थांबलं. अप्पांना सांग ना."

"जेवलास का?" आईने विचारलं.

"मेधाला जवळ बसव," ती म्हणाली. "आणि ऐक. अस्थी गौरवनं परसातल्या पेरूला बांधून ठेवल्यात. विमानं बंद झाली त्याच दिवशी गेले तुझे अप्पा."