डाव्या पायातला खडा

लिंबाजीनं घोड्याचा पुढचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला, तेव्हा घोडा थरथरला.

माळेगावच्या जत्रेत सकाळपासून याच घोड्याभोवती गर्दी होती. तांबडा, उंच, हैदराबादच्या रेसला पळलेला. शेजारची गावठी घोडी त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. विकायला आणला होता नायगावकडच्या दोघा भावांनी. घेणार होते लातूरचे डाळमिलवाले माणिकप्पा. नव्या लातूर जिल्ह्याची पहिली सव्वीस जानेवारी जवळ आली होती, व्यापाऱ्यांची मिरवणूक निघायची होती आणि माणिकप्पांना तिच्या पुढं घोड्यावर बसून जायचं होतं. पारखायला म्हणून त्यांनी लिंबाजीला अहमदपुराहून जीपमध्ये घालून आणलं होतं. चाळीस वर्षं तो नाल ठोकत आला होता.

"चाल तर सरळ हाय," माणिकप्पा म्हणाले. "काय बगून राहिलास?"

लिंबाजीनं खुराला हात लावला. खूर तव्यासारखा तापला होता. त्यानं पकडीनं एकेक खिळा उपसला, नाल काढली. खाली हरभऱ्याएवढा खडा रुतून बसला होता. तो निघाल्याबरोबर घोड्यानं नाकातून लांब श्वास सोडला.

"आता चालवा."

थोरल्या भावानं घोडा चार पावलं नेला. उजवा पाय टेकला, की मान झटक्यानं वर जायची.

"उजवा दुखतोय म्हणून डाव्यात खडा," लिंबाजी म्हणाला. "दोनी सारखेच दुखले की चाल सरळ दिसती. मुक्या जनावराला असं करायला कुणी शिकवलं रे तुमाला?"

धाकट्यानं मान खाली घातली. "काका, कडबा न्हाई, प्याया पाणी न्हाई. दावणीला वाळून मरायचा. कुणाच्या घरी तरी पोटाला खाईल म्हणून केलं."

लिंबाजीनं उगारलेली पकड खाली घेतली. आता माणिकप्पा या दोघांना फाडून खाणार, असं त्याला वाटलं.

माणिकप्पा हसले. "मग चालतंय की. मला सव्वीस तारखेपुरताच पाहिजे. खडा ठेव आत अन् ठोक नाल."

"आप्पा, तुमी वर बसणार. खाली त्याला..."

"घोडा घेऊन राहिलो, सोयरीक न्हाई करायलो. ठोक म्हणतो न्हवं?"

लिंबाजीची कानशिलं तापली. त्यानं खडा तळहातावर घेऊन माणिकप्पांच्या पुढं धरला. "आदी तुमच्या बुटात घाला. खंडोबाच्या देवळापत्तर जाऊन या. मग ठोकतो."

माणिकप्पांचा चेहरा काळवंडला. ते तसेच वळले आणि कडुलिंबाखाली बसलेल्या दुसऱ्या नालबंदांकडं गेले. एकानं खिळे संपले म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं हात दुखतोय म्हटलं. तिसऱ्यानं आपली हत्यारं पिशवीत भरली. थोड्या वेळानं जीप धुरळा उडवत लातूरच्या रस्त्याला लागली. लिंबाजीला न घेताच.

थोरला भाऊ पुढं आला. लगाम त्यानं लिंबाजीच्या अंगावर फेकला.

"झालं समाधान? ह्यो एकच गिऱ्हाईक होता काका. आता लंगडा म्हणून जत्रंभर झालं. चारा तुमी घाला."

राग आता कुणावर काढावा हे लिंबाजीला कळत नव्हतं. त्यानं पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, सोडलं, घोड्यापुढं धरलं.

घोड्यानं दोन घासांत भाकरी संपवली. मग तो फडकं चघळायला लागला.

लिंबाजीनं ते ओढून घेतलं नाही.