हिवाळ्यातली कार्डे

चनबसप्पांनी दहा कार्डे टेबलावर ओळीने मांडली, टोपण काढून पेन पुढे केले. क्लबचे सेक्रेटरी आबासाहेब यांनी पेन घेतले नाही.

"चनबसप्पा, तारखा बघितल्यात का?"

तारखा कारकून या नात्याने चनबसप्पांनीच घातल्या होत्या. दहा सोमवार, नोव्हेंबर ते जानेवारी. सोमवारी क्लब बंद असे आणि त्या दिवशी कॅडींना, म्हणजे साहेब लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्यांना, मैदानावर खेळायची मुभा होती. नागनाथने चौदा वर्षे पिशव्या वाहिल्या होत्या. तो खेळला आणि चनबसप्पा साक्षीला दुखऱ्या गुडघ्याने त्याच्या मागे मैदानभर चालले. एकेक फटका मोजून त्यांनी कार्डावर लिहिला.

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूला एक आकडा मिळतो, हँडिकॅप म्हणतात त्याला. तो जितका लहान तितका खेळाडू मोठा. या कार्डांवरून नागनाथचा आकडा दोन येत होता. सोलापूरच्या या क्लबात अकराच्या खाली आजवर कोणी गेले नव्हते. आकड्याचा दाखला असला तर पुण्याच्या स्पर्धेत कॅडीलाही उतरता येत होते आणि जिंकणाऱ्याला तिथे शिकवणाऱ्याची कायम नोकरी होती. अर्ज आजच्या टपालाने जायला हवा होता.

आबासाहेबांनी खणातून काळ्या पुठ्ठ्याचे नियमांचे पुस्तक काढले. साहेबाच्या वेळचे, इंग्रजी.

"हे बघा, कलम नऊ. पहिली नोव्हेंबर ते एकतीस मार्च या काळातला खेळ हँडिकॅपला धरायचा नाही. हिवाळ्यात जमीन ओली असते, चेंडू धावत नाही, म्हणून."

चनबसप्पांनी खिडकीबाहेर पाहिले. गवत वाळून पिवळे पडले होते. कुंपणापलीकडून मेंढरे चालली होती आणि त्यांच्यामागे धुळीचा लोट उठला होता.

"ओली कुठाय, साहेब?"

"इथं नाही हो. ज्यांनी लिहिलं त्यांच्या गावी असेल."

"मग उन्हाळ्यात खेळू दे की त्याला."

"एप्रिल-मेमध्ये मैदान बंदच असतं. माळ्याला घेरी आली तेव्हापासून आपणच ठरवलंय ते. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, म्हणून बंद. ऑक्टोबर गवत कापण्यात जातो."

चनबसप्पांनी बोटांवर महिने मोजले. क्लबात बावीस वर्षे नोकरी करून त्यांनी ते आज पहिल्यांदा मोजले. एकही महिना उरला नाही.

भिंतीवर सभासदांच्या आकड्यांचा बोर्ड होता. तो वर्षानुवर्षे का बदलला नाही, हेही त्यांना आत्ता उमगले. त्यातले दोघे तर वारले होते. त्यांचेही आकडे जागेवर होते.

"सभेत बदलता येईल ना कलम?"

"सभा मेमध्ये आहे. मांडीन मी. पण कुणाला हवंय ते? माझ्यापुढे चौदा लिहिलंय बोर्डावर. खरी कार्डं चढवली तर चोवीस होईल." आबासाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "त्याचा हात मला दिसत नाही का? पण मी सही केली आणि पुण्यात कुणी हे कलम दाखवलं, तर सगळ्यांदेखत मैदानाबाहेर काढतील त्याला. ते बरं दिसेल?"

चनबसप्पांनी कार्डे गोळा केली.

नागनाथ बाहेर पायरीवर बसला होता. कॅडींनी पायरीच्या वर यायचे नाही अशी रीत होती. त्यांना पाहताच तो उठला.

"झाली सही, आप्पा?"

"न्हाई रे."

"का? फटके जास्त झाले व्हय?"

"फटके काय जास्त होतात? हिवाळ्यातला खेळ धरत नाहीत म्हणे."

नागनाथला आधी चेष्टाच वाटली. "थंडी हाय म्हनून तर खेळलो की. उन्हाळ्यात हितं कोन मरायला उतरतंय?"

"तेच तर."

"मग पुढल्या वर्साला जातो. कंच्या म्हैन्यात खेळू, ते सांगा."

चनबसप्पांनी मोजायला बोटे उघडली आणि पुन्हा मिटली. नागनाथने त्यांच्या हातातल्या कार्डांकडे पाहिले.

"तुमीच म्हनला न्हवं, तू नुसता खेळ, चढवायचं माझ्याकडं लागलं?"

"म्हणालो होतो."

"बावीस वर्सं त्या पुस्तकावरची धूळ झाडली, आप्पा. एकदा उघडून तरी बघायचं की!"

चनबसप्पांनी मान खाली घातली. उघडले नव्हते. तशी गरजच कधी पडली नव्हती.

दार वाजले. डोक्यावर टोपी चढवत आबासाहेब बाहेर आले. दोघांना पाहून क्षणभर थांबले, मग भराभर पायऱ्या उतरले.

"चल रे नागनाथ. हवा काय सुरेख पडलीय! खेळायला असे दिवस वर्षात दुसरे नाहीत."

नागनाथने पिशवी खांद्याला लावली. चनबसप्पांचे तिकडे काही काम नव्हते. तरी ते कार्डे हातात धरून त्यांच्या मागे गेले.

आबासाहेबांनी चेंडू मांडला, पाय रोवले आणि लांबवर पाहिले.

"वारा कुठून आहे रे?"

नागनाथ वाकला. मातीची चिमूट उचलून त्याने हात खांद्याइतका वर नेला आणि बोटे सोडली. माती सरळ खाली त्याच्या पायाशी पडली.

"वारं न्हाय, सायेब," तो म्हणाला. "भुई कोरडी ठणठणीत हाय. चेंडू लई पळंल. मारा."