एका माइकचा हट्ट

“हात काढ,” थॅड म्हणाला.

वेंडेलनं काढला नाही. उलट बसमधला दांडा पकडावा तसा थॅडचा खांदा घट्ट पकडला, डोळे मिटले आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या इमानीला मानेनं खूण केली. कर चालू.

पहिल्या चार ओळी थॅडच्या होत्या. त्यातल्या तिसऱ्या ओळीला खांद्यावरची बोटं इतकी रुतली की शब्दच चुकला. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

“वेंडेल, मी काय कठडा आहे का?”

“कठडा बरा. तो कुरकुरत नाही.”

थॅडच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हॉलिस वस्तीत, त्या तळघरातल्या स्टुडिओत दोघांचा रॅपचा अल्बम उन्हाळ्यापासून अडकून पडला होता. बाकी गाणी कशीबशी उरकली होती, शेवटचं काही होईना. आजकाल जो तो आपापल्या खोलीत, आपापल्या माइकवर म्हणून मोकळा होतो आणि इमानीसारखी जाणती मुलगी नंतर सगळं जुळवून देते. पण वेंडेलचं एकच पालुपद. “पार्कात सुरुवात केली तेव्हा आपल्याकडे माइक किती होते? एक. मग आता दुसरा कशाला?”

एकदा थॅडनं त्याला बळंच वेगळ्या खोलीत उभं केलं होतं. तर या गृहस्थानं सगळं कडवं ताल सोडून म्हटलं. सगळं क्वीन्स ज्याला तालाचा राजा म्हणायचं, त्यानं! आणि वर तोंड करून म्हणतो कसा, “बघ, तुला सांगितलं नव्हतं?”

फोन करावा तर उचलायचा नाही. “लिहून पाठव. तुझ्या तोंडी बोलण्याचा भरवसा नाही,” असा उलट टोमणा.

रविवारी चर्चमध्ये निराळाच तमाशा. जन्मभर थॅडच्या शेजारी मागच्या बाकावर बसणारा माणूस यंदा एकदम पुढे गेला, ऑर्गनला खेटून बसायला लागला. तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा ऑर्गनच्या लाकडावर तळवा ठेवून. रेव्हरंड हॅस्किन्स साधं बोलता बोलता सुरात शिरायचे, एकेका ओळीला ऑर्गन हुंकार द्यायचा, आणि बघता बघता अख्खं चर्च उभं राहून डोलायला लागायचं. त्या गात्या प्रवचनापुढे थॅडला आपले सगळे अल्बम फिके वाटत. अशा वेळी नेमक्या जागी ‘आमेन’ टाकावं तर ते वेंडेलनं. रेव्हरंडसुद्धा त्याच्यासाठी क्षणभर थांबायचे. आता त्याचं आमेन सगळ्यांचं होऊन गेल्यावर यायचं. एकट्याचं, खणखणीत. बायका हॅटांच्या आडून हसायच्या.

“शेवटचा शब्द यालाच हवा,” थॅडची बायको लोरेटा म्हणाली होती. थॅडलाही तेच वाटलं.

म्हणून आज तो ठरवूनच आला होता. वेंडेल पाठमोरा बसून तळलेल्या माशाच्या सँडविचवर तिखट सॉस ओतत होता, तेव्हा थॅडनं इमानीला सांगितलं, “आज झालं तर झालं. नाहीतर याच्या जागी ब्रॉन्क्सच्या त्या रॅपर डोरियनला उभं करतो आणि गाणं संपवतो.” टोमणा लागावा म्हणून मुद्दाम मोठ्यानं.

वेंडेलनं बाटली झटकली, अजून थोडा सॉस ओतला.

“माज बघ त्याचा,” थॅड पुटपुटला.

“थॅड काका, चाळीस वर्षांची जोडी तुमची,” इमानी म्हणाली. “असं तोडू नका.”

“तोडतोय तो. मी मानेवरून हात फिरवला की संगीत बंद कर. त्याला थांबवल्याशिवाय मला चार शब्द बोलता येत नाहीत. आज सांगूनच टाकतो.”

वेंडेल हात पुसत आला. थॅडच्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला.

“काय बघतोस?”

“नवी कवळी ना? म्हणताना उडाली तर झेलायला नको?”

इमानी हसली. थॅड हसला नाही. त्यानं हेडफोन कानांवर दाबले, वेंडेलनंही दाबले. पुन्हा तोच एक माइक, पुन्हा खांद्यावर तोच हात. संगीत सुरू झालं. थॅडची जुनी खोड म्हणजे टाच आपटल्याशिवाय आणि खांदा उडवल्याशिवाय त्याच्या तोंडातून ओळ निघत नसे. त्यानं आपल्या चार ओळी संपवल्या. वेंडेलनं डोळे मिटून आपलं कडवं उचललं, आणि बोटं पुन्हा रुतली.

पुरे झालं. थॅडनं मानेवरून हात फिरवला.

हेडफोन गप्प झाले. थॅड तोंड उघडणार, तोच त्याच्या लक्षात आलं की वेंडेल थांबलेला नाही.

तो म्हणतच होता. मिटल्या डोळ्यांनी, अचूक, एकेक शब्द ठोक्यावर बसवत. काचेपलीकडे इमानी दोन्ही हात वर करून दाखवत होती की संगीत बंदच आहे. थॅडची टाच मात्र सवयीनं चालू होती.

त्यानं टाच किंचित संथ केली.

वेंडेलचे शब्द संथ झाले.

थॅडनं खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं. त्यानं टाच पुन्हा मूळ लयीवर आणली, खांदा त्या हाताखाली जरा पुढे केला, आणि कडवं संपेपर्यंत एकही ठोका चुकवला नाही. तळघरात वेंडेलच्या आवाजाखेरीज फक्त बुटाचा आवाज होता.

शेवटची ओळ पडली. वेंडेलनं डोळे उघडले, घाम पुसला आणि खुशीत थॅडच्या पाठीवर थाप मारली.

“हं, आत्ता कसं!” तो म्हणाला. “फक्त इमानीला सांग, संगीत जरा कमी कर. माझा आवाज दबतोय.”