दंडाचा केक

अमेरिकेतल्या डलूथ शहरात चर्चमधल्या बायका दर गुरुवारी एकाच लेखिकेच्या कादंबऱ्या ओळीने वाचत. आर्लीनचा नियम कडक होता: ठरल्यापेक्षा पुढचं वाचलं, तर दंड म्हणून सगळ्यांसाठी सफरचंदाचा केक करून आणायचा. ती सोडून सगळ्यांनी एकदा तरी आणला होता. शेवटची कादंबरी अर्ध्यावर आली आणि त्यांच्यातल्या इंगाने अंथरूण धरलं. आर्लीन भेटायला गेली, तर इंगा म्हणाली, “अगं, शेवट तरी सांगून टाक.” “मलाच कुठे ठाऊक?” “मग वाच की! दंडाचा केक खायला मी नसेन, एवढंच.” आर्लीनने चष्मा पुसला, शेवटचं प्रकरण उघडलं. इंगाचा हात धरून ती वाचत राहिली. पुढच्या गुरुवारी इंगाची खुर्ची रिकामी होती. आर्लीनने केक टेबलावर ठेवला. “तू?” शेजारच्या खुर्चीतल्या व्हर्नाने विचारलं. मग व्हर्नानेच सुरी उचलली. कादंबरीचा शेवट मात्र कुणीच विचारला नाही.