शुद्धीवर

मिस्त्रीने सरबताची बाटली तोंडाजवळ नेली, क्षणभर थांबला, झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि बाटली ताईंच्या टेबलावर ठेवली.

"ताई, जरा वास घ्या."

ताईंनी झाकण उघडलं. लिंबाच्या आडून दुसराच वास आला. 

व्यसनमुक्ती केंद्रातून मिस्त्रीला आज घरी सोडायचं होतं. सामान बांधून दाराशी ठेवलं होतं. न्यायला बायको आणि थोरला भाऊ आले होते आणि बाटली त्यांच्याबरोबरच घरून आली होती.

"एक घोट गेला असता," ताईंचा आवाज चढला, "तर त्याची आणि आमची सगळी मेहनत पाण्यात गेली असती! कुणाचं काम हे?"

बोलताना त्यांची नजर थोरल्यावर होती. त्याचे डोळे सकाळीच तांबारलेले होते.

"माझ्याकडे काय बघता?" थोरला उसळला. "मी पितो. चारचौघांत पितो, लपवत नाही. पण भावाच्या सरबतात कालवायला मी काय त्याचा वैरी आहे?"

बायको खाली मान घालून बसली होती. पर्सचा पट्टा तिने इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"जाऊ द्या हो, ताई," मिस्त्री समजुतीने म्हणाला. "नका कुणाला बोलू. आमचं आम्ही घरी गेल्यावर बघू." आणि तो बायकोकडे पाहून हसला.

ताईंना त्याचं कौतुक वाटलं. समुपदेशनाचं काम त्या केस काळे होते तेव्हापासून करत होत्या, पण असा रुग्ण त्यांना क्वचितच भेटला होता. सगळ्यांच्या आधी उठायचा. अंथरुणावर एक सुरकुती दिसायची नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाची लोंबणारी दारं त्याने न सांगता बसवून दिली. एकदा नुकताच चिकटवलेला सांधा कुणाच्या तरी धक्क्याने निसटला. आता हा भडकणार म्हणून सगळे थबकले. मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली, धक्का देणाऱ्याकडे नुसतं बघितलं आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यानंतर त्या माणसाने मिस्त्रीच्या शेजारची आपली खाट बदलून मागितली. कारण सांगितलं नाही. मिस्त्री घोरत असेल, असं ताईंना वाटलं.

हाच मिस्त्री दाखल झाला तेव्हा दारूने पार पिळून निघालेला होता. बायकोच्या मनगटाला प्लास्टर होतं.

"मारतात?" ताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"हो."

"पिऊन?"

तिने तोंड उघडायच्या आत थोरला बोलला होता, "दारू काय नाही करायला लावत, ताई!"

ताईंनी मान डोलावली होती. त्यांचे वडील पिऊन यायचे तेव्हा त्या आईच्या पाठीमागे लपायच्या. पुढचं काही विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी बायकोला बोलावून पुढचे मार्ग नीट समजावले होते. गोळ्या चालू ठेवून घरी राहायचं आणि दर आठवड्याला बरे झालेल्यांच्या गटात येऊन बसायचं. नाहीतर दिवसभर केंद्रात काम आणि झोपायला घरी. अगदीच भरवसा नसेल तर गावाबाहेरच्या निवासात सहा महिने.

"निवासात," ती ताबडतोब म्हणाली होती.

"अहो वहिनी, ज्यांना जिवाभावाचं कुणी नाही ते तिथं जातात. यांना तुम्ही आहात. घरासारखं दुसरं औषध नाही."

"मग हे परत पिणारच नाहीत का? कधीच?"

"तुम्ही साथ दिलीत तर नाही."

तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला होता. सुटकेचं रडू त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

आता मात्र छडा लावल्याशिवाय मिस्त्रीला त्या घरात पाठवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. "तुम्ही दोघं सामान घेऊन गाडीत बसा. मला वहिनींशी बोलायचंय."

थोरला पुटपुटत बाहेर गेला. मिस्त्री दारात थांबला. "लवकर ये हं," तो बायकोला म्हणाला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

ताई खुर्ची सरकवून तिच्या अगदी जवळ बसल्या.

"घाबरू नका. भाऊजींनीच घातली ना? त्यांना पिणारा जोडीदार हवाय. मी त्यांना केंद्राची पायरी चढू देणार नाही."

"भाऊजींनी नाही घातली."

"मग कोणी?"

"मी."

 ताईंच्या कपाळाची शीर तटतटली.

"तुम्ही? अहो, हातपाय थरथरत असताना त्या माणसाने दात-ओठ आवळून दिवस काढले! आणि घरची लक्ष्मीच त्याच्या तोंडाला बाटली लावते? तो इतका सुधारलाय, बघवत नाही का तुम्हाला?"

 बाहेर गाडीचा दरवाजा आपटला. फरशीवर पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"झालं का गं?" मिस्त्रीचा आवाज आला. शांत, स्वच्छ, एकही शब्द न अडखळणारा.

बायको दचकून उभी राहिली. तिने ताईंचा हात घट्ट धरला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"पिऊन आले की पडल्या जागी झोपतात हो, ताई," ती कुजबुजली. "मारतात ते शुद्धीवर असले की."