डब्यातला आवाज

मावशीला दिसत नसे. तिचा कॉम्प्युटर तिला सगळं वाचून दाखवायचा, तेही पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. भाच्याने नवा घेऊन दिला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि अगदी माणसासारखा गोड आवाज बसवला. मावशी हटूनच बसली, "मला माझा जुनाच दे."

जुना आवाज बत्तीस बिटांच्या जमान्यातला, नवं मशीन चौसष्टचं; दोघांचं जुळेना. त्याला लागणाऱ्या जुन्या फाइली हुडकून आणता आणता भाच्याच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या रविवारी डबा एकदाचा बोलला. मावशीने लगेच आपल्या ताईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, मेल लावल्या. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

"इतका छान आवाज सोडून हे काय ऐकतेस गं?" बॅग खांद्याला लावत तो वैतागला.

"त्या छान आवाजात दुसरीच कुणी बाई बोलते रे. याला स्वतःचा सूरच नाही, म्हणून मधून ताई ऐकू येते."

डबा एकसुरात वाचत होता, "रविवारी पोरगा येईल. निघतो निघतो करेल. जेवल्याशिवाय सोडू नकोस."

भाच्याने बॅग खाली ठेवली.