बुटाचा ठेका

रिटायर झाल्यापासून बाबांना एकच वेड लागलं होतं. ब्लूज वाजवणारा त्यांचा आवडता गिटारवाला कधीच वारला होता. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज त्यांना हुबेहूब काढायचा होता. जाड तारा लावून झाल्या, त्या अर्धा सूर उतरवून झाल्या. आज त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि तार छेडली.

तोच आवाज! मधाळ, किंचित घोगरा.

"जमलं गं!" बाबा लहान मुलासारखे हसले आणि वाजवतच सुटले. मी टाळ्या पिटल्या.

मग लक्षात आलं, की त्याच्या रेकॉर्डमध्ये असतो तसा, लाकडी जमिनीवर बूट आपटल्याचा ठेकाही येतोय.

"बाबा, पाय कशाला आपटताय?"

"मी? मला वाटलं, तूच साथ देतेयस."

बाबा पलंगावर मांडी घालून बसले होते. मी अनवाणी होते, आणि खाली जाड गालिचा होता.

पण ठेका इतका झकास होता, की बाबांना थांबवेना. खुशीच्या भरात ते एक जागा चुकले.

ठेका थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, नवशिक्याला सांभाळून घ्यावं तसा.

बाबांचा चेहरा उजळला. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ते अदबीने म्हणाले, "चुकलो. परत घेतो."